पानामागचा आकडा

कॅमेऱ्याच्या म्हणण्यानुसार हे सगळे फोटो १ जानेवारी २००८ रोजी काढलेले आहेत. त्या दिवशी मी कुठे होते ते आठवत नाही, पण तिथे नव्हते एवढं नक्की. झालं असं की कॅमेऱ्यातले सेल बरेच महिने काढून ठेवले होते. त्यामुळे आतल्या घड्याळापुरता जो बारका सेल असतो तोही बसला आणि घड्याळ आपल्या जन्मतारखेवर जाऊन थांबलं. कॅमेरा सुरू केला की तो दर वेळी तारीख विचारायचा आणि मी दर वेळी 'नंतर' म्हणायचे. जिथे दगडादगडावर दोन-दोन तारखा कोरलेल्या होत्या, तिथून मी त्रेसष्ट फोटो आणले आणि त्यातल्या एकावरही खरी तारीख नाही.

मी काही दफनभूमी बघायला निघाले नव्हते. एका गावात बस बदलायची होती. पहिली बस वेळेवर पोचली आणि दुसरी चार तासांनी होती. थांब्यासमोर एक लांबलचक दगडी भिंत होती, तिच्यावरून बाहेर झुकलेली झाडं, आणि एक लोखंडी दार. दार उघडं म्हणावं तर तसं नाही, बंद म्हणावं तर तेही नाही. तळाशी माती साचून ते अर्ध्यावरच रुतून बसलं होतं. माणूस आडवा होऊन शिरेल एवढी फट होती. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आतली जमीन ठिकठिकाणी पोकळ आहे आणि दगड नुसत्या धक्क्याने पडतील असे आहेत. नाव वाचून चार माणसं कॅमेरे घेऊन तिथे गेली तर त्या जागेचं काही भलं होणार नाही. आणि मी त्या जागेचं पुरेसं वाईट करून आले आहे, ते पुढे येईलच.

कॅमेरा माझ्या भाचीचा. तिने तो कधीच टाकून दिला होता. आठ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, वर एक बोटाएवढं भोक, ज्यातून डोळा लावून बघायचं. मागे छोटा पडदा आहे, पण उन्हात त्यावर आपलाच चेहरा दिसतो. आतला सेन्सर करंगळीच्या नखाहूनही लहान, साधारण सहा मिलिमीटर बाय चार. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यात फिल्मची एक चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची असायची, म्हणजे क्षेत्रफळाने तीस-पस्तीसपट मोठी. एवढ्याशा नखावर जेवढा उजेड पडेल तेवढ्यात भागवायचं. फोन होता की जवळ, असं कुणीही म्हणेल. पण फोनमध्ये तिकीट होतं, मुक्कामाचा पत्ता होता आणि बॅटरी वीस टक्के. फोन बंद करून पिशवीत तळाशी घातला. तेव्हा हा डबा केवळ नाइलाज म्हणून हातात आला, उगाच त्यात काही तत्त्व वगैरे शोधू नये.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं मी नुसती फोटो काढत सुटले आणि ते सगळे फुकट गेले. डोळ्यांना दिसत होतं ते असं: पायवाटेच्या दोन्ही अंगांना तिरके, टेकलेले, आडवे झालेले दगड, त्यांच्यावर आयव्हीच्या वेलीचे ढीग, मधून काटेरी झुडपं, एका थडग्याच्या पोटातून सरळ वर गेलेलं झाड. त्या झाडाने थडग्याभोवतीचं लोखंडी कुंपण गिळलं होतं. गिळलं म्हणजे अक्षरशः. गज खोडाच्या एका बाजूने आत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतात, आणि सालीला ओठासारखी घडी पडलेली. पडद्यावर मात्र आला तो हिरव्या-काळ्या रंगाचा गिचमिडा. आपली नजर गर्दीतून दगड वेगळा काढते, झाड वेगळं काढते, ही निवड तिने कधी केली ते आपल्याला कळतही नाही. कॅमेरा निवडत नाही. तो समोरचं सगळं एका मापाने ओततो, आणि माझा डबा तर जरा सांडूनच ओतत होता.

मग भोकातून बघणं सोडलं आणि चालू लागले.

अशा जागेचे फोटो कसे असतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. काळेपांढरे, थोडं धुकं, एक कललेला क्रूस, जमल्यास एक कावळा. माझ्या कॅमेऱ्यातही काळापांढरा प्रकार होता, तो लावून दोन फोटो काढले. आले बऱ्यापैकी, आणि म्हणूनच आवडले नाहीत. ते कुठल्याही दफनभूमीचे असू शकले असते. इथे जे घडत होतं ते हिरव्यात घडत होतं. जुन्या वेलीचं काळपट हिरवं, कोवळ्या पानाचं पोपटी, शेवाळाचं ओलं मखमली, दगडफुलाचं राखाडीकडे झुकलेलं. हिरवा काढून घेतला की उरते ती नुसती उदासी, आणि मला तिथे उदास अजिबात वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मजा येत होती. ते सांगायला थोडी लाज वाटते, एवढंच.

पहिला धडा पांढऱ्या संगमरवराने दिला. गर्द सावलीत एकच उजळ दगड, त्याचा फोटो काढला की दगड नाहीसा व्हायचा आणि त्या जागी पांढरं भोक उरायचं. कॅमेरा भोवतीचा काळोख बघून घाबरतो, जास्त उजेड आत घेतो आणि उजळ भाग जळतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, काळोखाला काळोखच राहू दे. माझ्या डब्यात त्यासाठी एक बटण होतं, अधिक-वजाचं. वजा एक केलं तेव्हा दगड परत आला. अगदी वजा दोन केलं तेव्हा त्यावरच्या बुरशीच्या रेषाही दिसायला लागल्या, झाडं मात्र काजळीत गेली. दोन्ही एका फोटोत मावत नव्हतं. आभाळ, संगमरवर आणि झुडपाखालचा अंधार हे तिन्ही एका वेळी पेलायची त्या नखाची ऐपत नव्हती. कुणाला तरी सोडावं लागत होतं. मी बहुतेक वेळा आभाळ सोडलं.

कवडशांनी तर पार वैताग आणला. पानांतून उन्हाचे तुकडे खाली पडत, वारा आला की दगडावरून पळत, आणि फोटोत प्रत्येक तुकड्याचा जळका डाग उठे. एका आडव्या पडलेल्या शिळेवर असे पंधरावीस कवडसे होते. त्यांच्याकडे रागाने बघत असताना लक्षात आलं की सगळे गोल आहेत. पानांमधल्या फटी कशाही वेड्यावाकड्या असल्या तरी खाली पडणारा डाग गोलच. शाळेत शिकलेलं आठवलं: बारीक छिद्रातून आलेला उजेड छिद्राचा आकार घेत नाही, उजेड जिथून आला त्याचा घेतो. प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. खंडग्रास ग्रहणात झाडाखालचे सगळे कवडसे कोरीच्या आकाराचे होतात ते यामुळेच. म्हणजे माझ्या डब्याहूनही साधा कॅमेरा तिथे होता, भिंगाशिवायचा, आणि तो त्या दगडांवर कधीपासून चित्रं काढत होता. त्याचं एकही चित्र टिकत नव्हतं एवढंच. त्या शिळेचे मी सहा फोटो काढले, जळक्या डागांसकट. आता मला ते डाग वाटत नाहीत.

अक्षरं वाचायची गंमत वेगळीच. झिजलेल्या दगडावर समोरून ऊन पडलं तर काही म्हणजे काही दिसत नाही. फ्लॅशने तर दगडाचं पार तोंड पुसून टाकलं. अक्षर म्हणजे शेवटी खाच, आणि खाच दिसायला तिच्यात सावली लागते. उजेड दगडाला घासत, बाजूने आला पाहिजे. जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत माणसाला पुरायची रीत पूर्व-पश्चिम, डोकं पश्चिमेला, त्यामुळे बऱ्याच शिळांची तोंडं पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात. उत्तर गोलार्धात भर दुपारी सूर्य दक्षिणेला येतो आणि त्याचा उजेड या शिळांच्या अंगावरून सरपटत जातो. फोटोग्राफीची कुठलीही शिकवणी सांगते की दुपारी बारा वाजता कॅमेरा पिशवीत ठेवा. तिथे साडेअकरा ते साडेबारा हा एक तास असा होता की सकाळपासून कोरे वाटणारे दगड एकेक करून बोलायला लागले. झाडाखाली असलेल्यांना ऊनच मिळत नव्हतं. त्यांच्यासाठी पिशवीतला छोटा आरसा काढला. उन्हाच्या पट्ट्यात उभं राहून आरशाने उजेड पकडायचा आणि बाजूने दगडावर सोडायचा. एका हातात आरसा, त्यामुळे कॅमेरा पिशवीवर टेकवून दहा सेकंदांचा टायमर. लांबून कुणी पाहिलं असतं तर वेड लागलंय असंच म्हणाला असता.

काही संगमरवरी शिळांवर अक्षरंच नव्हती, नुसती बारीक भोकं होती, दोन-दोन, तीन-तीन, रांगेत. मला वाटलं किड्यांनी पाडली. मग एका शिळेवर कोपऱ्यातली तीन अक्षरं शाबूत दिसली, करड्या धातूची, आणि उलगडा झाला. ही शिशाची अक्षरं. संगमरवरात अक्षर कोरून आत भोकं पाडतात, वरून शिसं ठोकून बसवतात, ते भोकांत धरून राहतं. शंभर-दीडशे वर्षं उन्हाथंडीत राहिल्यावर दगड आणि शिसं यांचं जमेनासं होतं आणि अक्षर गळून पडतं. भोकं राहतात. थोडा वेळ बघत राहिलं की त्या ठिपक्यांतून अक्षर जुळवता येतं, रांगोळीचे ठिपके बघून आता कुठली रेघ येणार ते कळावं तसं. एक अख्खा शब्द मी असा वाचला. 'बहीण' असा होता. कुणाची, ती भोकं बुजली होती.

खुणांची भाषाही हळूहळू लागत गेली. वरून तुटलेला खांब दिसला की आधी वाटतं पडझड झाली, पण तो तसाच घडवलेला असतो, आयुष्य मध्येच तुटलं म्हणून. कोकरू म्हणजे मूल. उलटी धरलेली मशाल, एकमेकांत गुंफलेले दोन हात, नांगर. शेतातला नव्हे, जहाजाचा. तो आशेची खूण. आयव्हीची वेलही कोरतात, कारण ती बारमाही हिरवी आणि धरलं ते सोडत नाही. एका शिळेच्या कडेने अशी कोरीव वेल गेली होती, पान न् पान शिरांसकट, आणि तिच्यावर खरी वेल चढली होती. खऱ्या पानाखाली दगडाचं पान, त्यावर पुन्हा खरं. हा फोटो मात्र जमला. फुलाचं चिन्ह असलेला जवळचा मोड लावला आणि कॅमेरा पाच सेंटिमीटरवर नेला. सगळ्या त्रेसष्टांत तोच एक मी कुणाला दाखवायला आधी काढते.

बसून पाणी पिताना आठवलं की दफनभूमी आणि कॅमेरा यांचं नातं कॅमेऱ्याच्या बाळपणापासूनचं आहे. फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक असलेल्या डागेरने १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं. भिंग उघडं ठेवायला लागलं काही मिनिटं, तेवढ्यात चालती माणसं, घोडे, गाड्या सगळं विरघळून गेलं. रस्ता रिकामा. फक्त एक माणूस उमटला, कारण तो बूट पुसून घ्यायला एका जागी उभा होता. हलणारं काही धरता येत नव्हतं, तेव्हा न हलणाऱ्यांकडे जाणं ओघानेच आलं. एडिंबरात डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार आणि रॉबर्ट अ‍ॅडमसन हा तरुण फोटोग्राफर १८४३ पासून जोडीने काम करू लागले. कागदावरच्या त्या फोटोंना लख्ख ऊन आणि बराच वेळ लागायचा. ते माणसांना घेऊन ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत जात, थडग्यांना टेकवून उभं करत, हनुवटीखाली हात ठेवायला सांगत. टेकलं की माणूस कमी हलतो. चित्रात जो विचारमग्नपणा दिसतो त्यातला निम्मा हलू नये म्हणून घेतलेला आधार आहे. हिल स्वतःही त्यातल्या काही फोटोंत आहे. अ‍ॅडमसन १८४८ च्या जानेवारीत गेला, सव्वीस वर्षांचा. पाचएक वर्षांत एवढं काम. माझा डबा सेकंदाच्या साठाव्या भागात फोटो काढतो आणि तरी मी हलते.

माझ्याजवळच्या एका शिळेवर दगडफुलाचं वर्तुळ होतं, वाटीच्या तोंडाएवढं, कडेला नागमोडी. दगडफूल इतकं सावकाश वाढतं की काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही पसरत नाहीत. रोलांड बेशेल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास थडग्यांवरची दगडफुलं मोजायला सुरुवात केली. दगड कधी उभा राहिला ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, तेव्हा फूल किती वर्षांत केवढं झालं याचा हिशेब लागतो. तो हिशेब घेऊन मग जिथे तारीख लिहिलेली नाही तिथे जायचं. हिमनद्या मागे सरकताना सोडून गेलेल्या दगडांचं वय अशाने काढतात. म्हणजे थडगं ही दगडफुलाची जन्मनोंद. मी त्या वर्तुळाशेजारी अंदाजाला पेन्सिल सेल ठेवून फोटो काढला. मोजणार काहीच नव्हते, पण बरं वाटलं.

इतकी झाडी का माजू दिली, हा प्रश्न पडतोच. लंडनचं हायगेट, तीही एक दफनभूमीच, १८३९ मध्ये उघडलं, चालवणाऱ्यांकडचे पैसे आटले, रानाने ते ताब्यात घेतलं. १९७५ मध्ये त्याची काळजी घेणाऱ्यांची संस्था निघाली, पण त्यांनीही रान सरसकट कापलं नाही. दगड वाचवायचे, वाटा मोकळ्या ठेवायच्या, बाकी झाडोऱ्याला त्याचं राहू द्यायचं. राखलेलं दुर्लक्ष म्हणा. माझ्या भिंतीआडच्या जागेत कुणी काही राखत असेल असं दिसत नव्हतं. मला ती तशीच आवडली. पण आवडणारी मी कोण? चार तासांची पाहुणी. ज्याचं माणूस त्या काटेरी झुडपाखाली आहे, त्याला त्या हिरव्याच्या छटा मोजायला सांगून बघा.

आता ते.

साधारण पाऊण वाजला होता. मागच्या भिंतीजवळ वाळूच्या दगडाची एक शिळा, कमरेइतकी. वरचा तिसरा हिस्सा आधीच सुटून पडलेला, त्याबरोबर नावही गेलेलं. खाली वेलीच्या मधून आकडे दिसत होते. जन्म १८२९, स्पष्ट. मृत्यू अठराशे, मग एक पान, मग सात. मी आरसा लावला, पिशवीवर कॅमेरा ठेवला, फोटो काढला. पडद्यावर पाहिलं तर पान मध्येच. दुसरा काढायचा म्हणून मी पान बाजूला करायला गेले. पान हललं नाही. देठ धरून थोडं ओढलं. वेल दगडाला धरून होती, केसासारख्या बारीक मुळ्यांनी, ओळीने. आणखी थोडं ओढलं.

आवाज फारसा झाला नाही. खडूची वडी तुटावी एवढाच. वेल हातात आली आणि तिच्या मुळ्यांना चिकटून तळहाताएवढा पापुद्रा. खाली पडून त्याचे तीन तुकडे झाले, बाकी चुरा. शिळेवर जिथे आकडा होता तिथे आता स्वच्छ, फिकट पिवळा, नव्यासारखा दगड होता. एकशे कितीतरी वर्षांत ज्याला उजेड लागला नव्हता असा. सातही अर्धा गेला होता.

वाळूचा दगड थराथरांनी बनतो हे मला माहीत होतं. थर आडवे राहतील असा बसवला तर टिकतो. शिळा करताना मात्र तो उभा करतात, आणि थर मिटलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे उभे राहतात. पाणी आत शिरतं, गोठतं, क्षार धरतात, आणि एकेक पान सुटायला लागतं. सुटलेलं पान कधी कधी फक्त वेलीनेच धरून ठेवलेलं असतं. हे सगळं माहीत असून मी ओढलं. माहिती असणं आणि हात आवरणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसावा.

किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मागे सळसळ झाली म्हणून वळले तर एक म्हातारे गृहस्थ, हातात फांद्या छाटायची मोठी कात्री, गुडघ्यांपर्यंत बूट. म्हणजे कुणीतरी येत होतं तर. त्यांनी माझ्या हातातली वेल पाहिली, मग दगड पाहिला. मी माफी मागायला लागले. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्या क्षणी त्याहून मोडकं. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत, टप्प्याटप्प्याने, आणि पापुद्र्याचे तीन तुकडे उचलले. फुंकर मारून माती उडवली. मग ते शिळेच्या पायाशी, भिंतीच्या बाजूने, पावसाचं थेट पाणी लागणार नाही असे एकाशेजारी एक ठेवले. त्यातल्या एकावर आकड्याचं वळण होतं. उजव्या बाजूचं. डाव्या बाजूचा चुरा माझ्या बुटांवर होता.

मग त्यांनी मला शेजारच्या शिळेपाशी नेलं. तिथली वेल वाळून तपकिरी झाली होती. खाली मुळाशी तिचं खोड कापलेलं होतं, मनगटाएवढं जाड, आणि कापाच्या दोन टोकांत वीतभर जागा. असं करायचं, ते म्हणाले. खाली कापायचं. मग थांबायचं. वरचं आपोआप मरतं, मुळ्या सुकतात, मग ती नुसत्या हाताने निघते. किती थांबायचं, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. एक वर्ष. दोन वर्षं. दगडावर आहे.

माझी बस पावणेतीनला होती.

पुढे वाचनात आलं की वेल निव्वळ दुष्टही नसते. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी जुन्या भिंतींवर पाहणी केली तेव्हा असं दिसलं की आयव्ही भिंतीवर पांघरुणासारखी राहते, उन्हाथंडीचे टोकाचे झटके कमी करते, हवेतली धूळ अडवते. जिथे आधीच भेगा आहेत तिथे मात्र मुळं आत घुसून फोडतात. म्हणजे दगडागणिक उत्तर वेगळं, त्या गृहस्थांनी खांदे उडवून सांगितलं होतं तसंच.

बाहेर पडण्याआधी त्यांना विचारलं, तुमचा एक फोटो काढू का. त्यांनी मान हलवली, नको. कात्रीकडे बोट दाखवलं, हिचा काढा. काढला. कात्री त्यांच्या हातातच होती, त्यामुळे दोन अंगठे आले आहेत, नखांत हिरवं भरलेलं. तो एकसष्टावा. उरलेले दोन बसच्या काचेतून काढलेले भिंतीचे आहेत, त्यात भिंतीपेक्षा काचच जास्त आहे.

मुक्कामाला पोचल्यावर कार्ड उघडलं. तो पानाचा फोटो मोठा करून पाहिला. कॅमेऱ्याने आपल्या अकलेप्रमाणे सगळ्यात जवळची आणि ठळक गोष्ट धरली होती. पान इतकं सुरेख आलं आहे की शिरा मोजाव्यात. मागचे आकडे धूसर, तरी वाचता येतात. एक, आठ, मग पान, मग सात. पान आकड्याच्या बरोबर डाव्या अर्ध्यावर आहे. उजवीकडे दोन गोल वळणं दिसतात, एकाखाली एक.

ते इंग्रजी तीन असेल किंवा इंग्रजी आठ. या दोघांची उजवी बाजू सारखीच असते, फरक असतो तो डावीकडे. आपल्या ३ आणि ८ मध्ये असला घोळ झालाच नसता, हे मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. तीन असेल तर १८३७, म्हणजे आठ वर्षांचं मूल. आठ असेल तर १८८७, अठ्ठावन्न वर्षांचं माणूस. शिळेवर कोकरू होतं का? वरचा भाग आधीच गेलेला. शिळा मुलाच्या मानाने मोठी होती का? कमरेइतकी. दोन्ही शक्य. नाव नाही, त्यामुळे कुठल्या जुन्या वहीत शोधणार तेही नाही.

मी तो फोटो मोठा करत गेले, चौकोन दिसायला लागेपर्यंत. एका जागी पानाच्या कडेबाहेर एक काळपट चौकोन आहे. डावं वळण जिथे सुरू व्हावं तिथे. ती खाचेतली सावली असू शकते. पानाची सावलीही असू शकते, कारण आरसा मी डावीकडून धरला होता. नक्की डावीकडून का, हे आठवायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला आहे. फोटोच्या खाली कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत तारीख आहे, १ जानेवारी २००८, अगदी स्पष्ट.